चूल पेटेपर्यंत

"ही एकशे चार वर्सांची म्हातारी मी कुठनं आणू, तात्या?"

हौसाक्कानं प्रस्तावाची प्रत माझ्यासमोर पायरीवर टाकली. टाकली म्हणजे टाकलीच. माझ्या हातात काही देण्याचे ते दिवस नव्हते.

"सातव्या पानावर बगा. 'श्रीमती बायजाबाई, वय वर्षे एकशे चार, आमच्या नाचणीच्या आंबिलीवर पुन्हा चालू लागल्या.' कोण ही बायजाबाई?"

"असेल कोणीतरी," मी म्हणालो.

"असंल? लिवलाय कुणी? तुमी का म्या? ती बाई पुण्यास्नं निघालीया. अकराला गाडी दारात. आन् म्हनली, 'मला त्या आजींना आधी भेटायचंय.'"

मी पायरीवर बसून होतो. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नव्हतो. दाढी वाढलेली, अंगात कालचाच सदरा. त्याचं कारण सांगीन, पण वेळ आल्यावर. सगळे पत्ते पहिल्या डावात टाकले तर मंडळी उठून जातात, एवढं साठ वर्षं गप्पा ठोकून मला कळलेलं आहे.

मंगलनं चहाचा स्टीलचा पेला माझ्याजवळ ठेवला आणि ती दोन पावलं मागं सरली. मी पेला धरला.

"तात्या! अवो, वाफ निघतीया त्यातनं!" मंगल ओरडली.

मी बोटांकडं पाहिलं. लाल झाली होती. पेला खाली ठेवला. बोटं माझी होती, भाजलं मात्र दुसऱ्या कुणाला तरी, असं काहीसं वाटलं. चहात साखर होती की नव्हती तेही मला सांगता आलं नसतं.

गोष्ट तेरा वर्षांपूर्वीची, आमच्या आजऱ्याकडची. मी दूध संस्थेत कारकून होतो. निवृत्त झाल्यावर मी 'कागद' करू लागलो. म्हणजे कुणाला कुठलं अनुदान मिळेल, कुठली बँक कसलं कर्ज देते, कुठल्या शेठजीच्या ट्रस्टला पुण्य हवं आहे, हे शोधायचं आणि त्यांच्यापुढं ठेवायचा प्रस्ताव लिहायचा. फी एक नारळ. काम झालं तर आणखी एक. माझ्या माळ्यावर इतके नारळ साठले होते की एकदा उंदीर घरात शिरला तो डोक्याला टेंगूळ घेऊनच बाहेर पडला.

माझं लिहिणं गाजलं होतं. मधमाश्या पाळणाऱ्यांच्या गटासाठी कर्ज मागताना मी लिहिलं होतं की आमच्या तालुक्यातली माशी रविवारीही सुट्टी घेत नाही. बँकेचा साहेब हसला आणि कर्ज मंजूर झालं. घनसाळ तांदूळ पिकवणाऱ्यांना गोदामासाठी पैसे हवे होते, तेव्हा लिहिलं की या भाताचा वास इतका दूर जातो की आंबोलीच्या घाटात ट्रकवाले आपसूक ब्रेक लावतात. तेही मंजूर. लोक म्हणत, तात्याच्या लेखणीला शाई नाही, फोडणी लागते.

आणि हौसाक्काचं केंद्र म्हणजे काय, तर दुपारचा डबा. आमच्या तीन वाड्यांतली तरणी माणसं मुंबईला नाहीतर गोव्याला. मागं उरलेली म्हातारी माणसं एक वेळ चहात भाकरी बुडवून दिवस काढायची. हौसाक्कानं मंगल धरून चार बायका जमवल्या, शेतकऱ्यांकडून तांदूळ, नाचणी, मसूर घेतला, आणि एकतीस घरी डबे सुरू केले. प्रत्येक डब्यावर जेवणाऱ्याचं नाव मशीननं कोरलेलं. पण जागा भाड्याची. मालकानं सांगितलं होतं, दसऱ्याला खोली मोकळी करा, पोराला तिथं मोबाईलचं दुकान घालायचंय. स्वतःची शेड झाली नाही तर दसऱ्यानंतर एकतीस माणसं पुन्हा चहा-भाकरीवर. पुण्याचा एक ट्रस्ट शेडसाठी अनुदान देणार होता. त्याची पाहणी करायला त्या दिवशी वर्तक मॅडम येत होत्या.

"तारीख पुढं ढकला म्हनलं हुतं मी," हौसाक्का म्हणाली. "तुमच्याकडं बगून तरी ढकलायची."

"त्यांच्याकडं दुसरी तारीख नव्हती."

"मग आता बायजाबाई काढा कुठनं तरी."

एरवी मी पाच मिनिटांत तीन बायजाबाया उभ्या केल्या असत्या. एक नुकतीच काशीला गेलेली, एक मौनव्रतात, एक लेकीच्या बाळंतपणाला. होय, एकशे चारव्या वर्षी. त्या दिवशी डोक्यात काहीच येईना. विहिरीत पोहरा सोडावा आणि तो कोरडा वर यावा तसं.

अखेर मंगलनंच वाट काढली. पलीकडच्या वाडीची धोंडूबाई. ऐंशीच्या पुढची, ठार बहिरी, तोंडात एक दात आणि तोही शोभेचा. तिला रिक्षात घालून आणली आणि कानात ओरडून सांगितलं, "वय इचारलं की एकशेचार म्हनायचं!"

धोंडूबाई खूश झाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कुणी काही विचारायला येणार होतं.

वर्तक मॅडम अकराला आल्या. पन्नाशीच्या, सडसडीत, खांद्याला कापडी पिशवी. आल्या आल्या त्यांनी नमस्कार केला आणि पायातल्या चपला नीट जोडून ठेवल्या. मला म्हणाल्या, "प्रस्ताव तुम्हीच लिहिलाय ना? फार सुंदर लिहिलाय. आमच्या विश्वस्तांच्या बैठकीत मोठ्यानं वाचला."

"हं," मी म्हणालो.

त्या क्षणभर थांबल्या. असलं सुंदर लिहिणारा माणूस एवढंच बोलतो हे त्यांना पटलं नसावं. मग आत गेल्या. भिंतीला टेकून धोंडूबाई बसली होती, डोक्यावर पदर, चेहऱ्यावर नवरीचा थाट.

"आजी, वय किती तुमचं?"

"आं?"

"वय! वय!" मंगल ओरडली.

धोंडूबाईनं मॅडमकडं एकवार पाहिलं. एवढ्या लांबून आलेल्या पाहुणीला कमी काय द्यायचं, असा विचार तिनं केला असणार.

"दीडशे!" ती म्हणाली.

मंगलनं पदर तोंडात कोंबला. हौसाक्का छताकडं बघत राहिली. मी उंबऱ्याबाहेरून सगळं ऐकत होतो. ही गोष्ट मी पुढं शंभर ठिकाणी सांगितली आणि शंभर वेळा माणसं लोळली. त्या दिवशी माझ्या ओठाचा कोपराही हलला नाही.

मॅडम मात्र हसल्या. "असू दे. त्या काळात जन्माच्या नोंदी कुठे होत्या!" असं म्हणून त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. आमची थाप अशी अलगद गिळली गेली.

मग त्यांनी भांडी पाहिली, कोठी पाहिली, तांदूळ मुठीत घेऊन हुंगला. कुठल्या शेतकऱ्याकडून येतो, पाणी कुठलं, गॅस किती दिवस पुरतो. हौसाक्का एकेक उत्तर देत होती. तिची उत्तरं आखूड आणि सरळ. ती बाई खोटं बोलत नाही, असं गावात म्हणतात. तिच्या नवऱ्याला शेवटपर्यंत खरंच ऐकावं लागलं, बिचारा.

साडेबाराला डबे भरून ओळीनं लागले. पंचवीस घरांचे आत, लांबच्या वाडीचे सहा दाराशी. मॅडम यादी हातात घेऊन एकेक नाव वाचू लागल्या. मंगल डब्यावरचं नाव दाखवायची. बाविसाव्या नावाला त्या थांबल्या.

"द्वारका रेडेकर, वय एकाहत्तर. हा डबा कुठे जातो?"

"घरी," हौसाक्का म्हणाली.

"रोज?"

"रोज."

मॅडमनी पिशवीतून एक कागद काढला. त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "मी सकाळी आधी ग्रामपंचायतीत जाऊन आले. यादी पडताळून घ्यावी लागते, आमचा नियम आहे. द्वारका रेडेकर नऊ दिवसांपूर्वी वारल्या. आणि तुमच्या वहीत मात्र आजपर्यंत त्यांच्या नावापुढे रोज बरोबरची खूण आहे."

आत कुकरची शिट्टी तेवढी झाली.

"हौसाबाई, मला वाईट वाटतंय. पण मेलेल्या माणसाच्या नावानं जेवण दाखवणं, याला आमच्याकडे एकच शब्द आहे. मला हे इथंच थांबवावं लागेल."

दीडशे वर्षांची म्हातारी चालली, आणि आमच्या केंद्रातली सगळ्यांत खरी ओळ त्या बाईला खोटी वाटली. यात मॅडमची चूक नव्हती. मीच त्यांना एकोणीस पानं वेगळ्या चवीची चटक लावली होती.

"थांबवा," हौसाक्का म्हणाली. "पर आदी ऐका. ज्या घरात माणूस जातंय त्या घरात चूल पेटत न्हाई. तेरा दिस न्हाई. शेजारपाजार भाकरी घालतंय. आता शेजारात कोन उरलंय? म्हनून आमी ठरीवलंय, डबा बंद करायचा न्हाई. तेरा दिस त्याच नावाचा डबा त्याच घरात जातो. जेवनारा गेला, पर घर ऱ्हातंय न्हवं माघारी?"

"हे तुमच्या प्रस्तावात कुठेच नाही."

"त्ये लिवनाऱ्याला इचारा."

"बरं. मग त्या घरात आता जेवणारं कोण आहे? मी जाऊन भेटते. तेवढं तरी लिहिता येईल."

हौसाक्कानं पुढच्या डब्याचं झाकण दाबून बसवलं.

"कोण आहे घरात?"

"एक मानूस हाय."

"नाव?"

"त्ये मी सांगनार न्हाई."

"का?"

"त्येनं सांगायला पायजे."

ती माझ्याकडं बघत नव्हती. मंगलही बघत नव्हती. दोघी इतक्या निगुतीनं माझ्याकडं न बघता उभ्या होत्या की एखाद्या आंधळ्यालाही कळलं असतं.

आता पत्ता टाकतो. माझं नाव गुंडू रेडेकर. आमच्या गावात निम्मं गाव रेडेकर, आणि मला सगळे तात्याच म्हणतात, म्हणून मॅडमना काही वाटलं नव्हतं. द्वारका माझी बायको.

सहा महिने ती अंथरुणावर होती. मला चहासुद्धा धड करता येत नव्हता. हौसाक्कानं न विचारता तिचं नाव यादीत घातलं, आणि एका माणसाच्या डब्यात आम्ही दोघं जेवायचो. ती दोन घास खायची, म्हणायची, "माझं झालं, तुम्ही घ्या." प्रस्ताव लिहिला तो तिच्या खाटेशी बसूनच. शेवटच्या पानावर छापील मजकूर होता: संस्थेशी संबंधित कोणाही व्यक्तीचे कुटुंबीय लाभार्थी नाहीत. त्याखाली सल्लागार म्हणून माझी सही होती. सगळा प्रस्ताव मी तिला वाचून दाखवला होता. बायजाबाई आली तेव्हा तिनं डोळे मिटूनच म्हटलं, "आता खरं सांगा." एक्कावन्न वर्षं माझ्या प्रत्येक गोष्टीच्या शेवटी ती हेच म्हणायची. मग मी हसायचो आणि खरं काय ते तिला एकटीला सांगायचो. त्या दिवशी म्हणाली, "ती म्हातारी काढा त्यातनं." मी काढली नाही.

ती गेली. बेळगावास्नं लेक आली, तिसऱ्या दिवशी राख सावडून परत गेली. तिची सासू अंथरुणाला खिळलेली. तेराव्याला येणार होती. मी घरात बसायचो. साडेबाराला डबा उंबऱ्यावर यायचा, नावाची बाजू माझ्याकडं करून. मी खायचो. काय खाल्लं ते सांगता यायचं नाही. रडू आलं नाही. लोक म्हणत, तात्या खंबीर आहे. मी खंबीर नव्हतो, मी नव्हतोच.

पायरीवर बसून मी विचार केला. मी बोललो तर सही खोटी ठरते आणि अनुदान जातं. नाही बोललो तर डबा खोटा ठरतो आणि अनुदान जातंच, वर हौसाक्का चोर. अशा पेचातून सुटायला थापाड्याला किती वेळ लागावा? द्वारकाची एखादी आजारी बहीण, एखादा मुका भाऊ. शोधायला गेलो तर जीभ टाळ्याला चिकटलेली. थाप मारायची तर पुढं कुणीतरी 'आता खरं सांगा' म्हणणारं लागतं, हे मला तेव्हा कळलं.

"मंगल," मी म्हणालो, "तो डबा इकडं दे."

तिनं हौसाक्काकडं पाहिलं. मग बाविसावा डबा उचलून तिनं पायरीवर ठेवला आणि मागं सरली. मी झाकण काढलं. भात, मसुराची आमटी, लाल भोपळ्याची भाजी, कडेला लोणच्याची फोड. मी पायरीवरच मांडी घातली आणि जेवायला लागलो.

वर्तक मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. माझी दाढी, माझा सदरा, उंबऱ्याबाहेरची माझी मांडी, सगळं त्यांनी एकदा नव्यानं पाहिलं.

"आज नववा?" त्यांनी विचारलं.

"हो."

आमटी आंबट होती. कोकम जास्त पडलं होतं. नऊ दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी आंबट लागलं. आणि त्याच वेळी सकाळी भाजलेली बोटं आमटीच्या तिखटानं अशी चुरचुरली की डोळ्यांत पाणी आलं. तिखटाचंच असणार.

मॅडम माझ्याशेजारी पायरीवर बसल्या. सुतक-बितक त्यांनी मानलं नाही. माझं जेवण होईपर्यंत थांबल्या.

"मग ही शेवटच्या पानावरची सही?"

"खोटी."

"एकशे चार वर्षांच्या आजी?"

"त्याही. ऐंशीच्या असतील. दीडशे म्हणणं मात्र त्यांचं स्वतःचं."

"आणखी काय काय खोटं आहे?"

"पेन आहे?"

त्या दुपारी आम्ही दोघांनी पान एकपासून सुरुवात केली. मी सांगत गेलो, त्या खोडत गेल्या. 'पंचक्रोशीतील एकमेव केंद्र' खोटं. 'सूर्योदयापूर्वी पेटणारी चूल' खोटी, गॅस आहे आणि तोही नऊला पेटतो. तांदळाच्या वासाचा परिच्छेद आख्खा खोटा.

"हा राहू दे की," मॅडम म्हणाल्या. "वास खरंच छान आहे."

"ट्रकवाले ब्रेक लावत नाहीत, मॅडम."

"बरं. काढते."

हौसाक्का दारातून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "आगा बया, ह्ये बी खोटं? मला त्ये खरं वाटलं हुतं."

एकोणीस पानांतलं दीड पान उरलं. तीन वाड्या, एकतीस माणसं, चार बायका, वीस शेतकरी, दसऱ्याला जाणारी खोली. त्या दीड पानाच्या खाली मॅडमनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली: 'घरात मृत्यू झाल्यास तेरा दिवस डबा सुरू राहतो.' घडी घालून कागद पिशवीत ठेवला, चपला घातल्या.

"अनुदान मिळणार नाही," त्या म्हणाल्या. "नियम आहे, आणि सही तुमची आहे. खोटी आशा लावत नाही."

"नका लावू. तो माझा धंदा होता."

तेव्हा त्या थोड्या हसल्या. मग धोंडूबाईच्या पाया पडून निघून गेल्या. धोंडूबाईनं तोंडभरून आशीर्वाद दिला, "शंभर वर्सं जग, माज्यासारखी."

महिन्यानं पत्र आलं. अनुदान नामंजूर. पण ट्रस्टच्या कर्ज विभागाकडं ते दीड पान गेलं होतं, आणि शेडपुरतं बिनव्याजी कर्ज मंजूर झालं होतं. अट एकच, परतफेडीचं हमीपत्र संस्थेनं स्वतः लिहावं, सल्लागारानं नव्हे. हौसाक्कानं ते चार ओळींत लिहिलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डबे नव्या पत्र्याखाली लागले. कर्ज फिटलं. कसं फिटलं ते सांगायला मला पुन्हा एकोणीस पानं लागतील, आणि त्यातली तुम्ही किती खोडाल हे मला ठाऊक आहे.

पण पत्र यायच्या आधीचं एक राहिलं. चौदाव्या दिवशी डबा परत करायचा होता. लेक तेरावा उरकून सकाळच्या एसटीनं गेली होती. आमच्याकडं कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. चिमूटभर साखर का होईना, काहीतरी घालून द्यायचं. मी घरात शोधलं. साखरेच्या डब्यात मुंग्या. मग नाचणीचं पीठ दिसलं. स्टोव्ह पेटवायला अर्धा तास गेला. द्वारका हात कसा फिरवायची ते आठवत पाण्याचा हात लावला, पीठ परातीला चिकटलं, परातीचं मनगटाला, मनगटाचं कपाळाला. तव्यावर पडलं ते गोल नव्हतं. एका बाजूनं कोळसा, दुसऱ्या बाजूनं कच्चं. मीठ घालायचं असतं हे भाजून झाल्यावर आठवलं.

डबा घेऊन केंद्रावर गेलो. आता उंबरा ओलांडायला हरकत नव्हती. हौसाक्का कांदा चिरत होती. तिनं झाकण काढलं, आत पाहिलं.

"कुनी केली?"

"मी."

"चूल पेटली तर मग."

तिनं हात पदराला पुसला, एक तुकडा मोडला आणि तोंडात घातला. पुष्कळ वेळ चावत होती. मंगल बघत होती. हौसाक्कानं गिळलं, दुसरा तुकडा मोडला, तोही खाल्ला. करपलेली कडासुद्धा ठेवली नाही. सगळी भाकरी संपवून तिनं डबा विसळला आणि इतर डब्यांच्या ओळीत पालथा घातला, द्वारकाचं नाव भिंतीकडं करून.

"चांगली झालीया," ती म्हणाली.

माझ्या माहितीत त्या बाईनं आयुष्यात मारलेली ती एकच थाप. मी या धंद्यातला जुना माणूस, थाप कुठं सुरू होते आणि कुठं संपते हे मला वासावरून कळतं. तरी तिच्यापुढं उभा राहून मी ती खरी मानली, आणि घरी जाऊन दार लावून घेतल्यावर, चौदा दिवसांनी, रडलो.